अंगावरचे अक्षर आपले असावे
(साकीनाका परिसरातील पालकांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



साकीनाक्याच्या चौकात सायंकाळी दहा मिनिटे उभे राहावे आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या छातीवर काय लिहिले आहे, ते वाचावे. मेट्रोच्या जिन्यावरून उतरणारे तरुण, कुर्ल्याच्या बसची वाट पाहणारे विद्यार्थी, खैरानी रोडकडे वळणारे कामगार, आईचे बोट धरून चाललेली मुले, यांपैकी कितीतरी जणांच्या अंगात टी-शर्ट दिसेल. त्यावर कोठे परदेशी विद्यापीठाचे नाव असते. घालणाऱ्याने त्या विद्यापीठाचे दारही पाहिलेले नसते. कोठे बूट बनविणाऱ्या कंपनीचे चिन्ह असते. कोठे एखादे इंग्रजी वाक्य असते. त्याचा अर्थ विचारला तर मूल आईकडे पाहते आणि आई दुसरीकडे पाहते. दहीहंडीच्या दिवसांत गोविंदा पथकांचे टी-शर्ट निघतात, पुढे पथकाचे नाव आणि पाठीवर आश्रयदात्याचे छायाचित्र. निवडणूक आली की तेच वस्त्र प्रचाराचा फलक होते.

जाहिरातदार भिंतीसाठी भाडे देतो, रस्त्यावरच्या फलकासाठी भाडे देतो. छातीवरच्या जागेसाठी मात्र त्याला काही द्यावे लागत नाही; उलट त्या जागेचा मालकच पैसे मोजून त्याची पाटी विकत घेतो. हा व्यवहार इतका अंगवळणी पडला आहे की, तो उलटा आहे, हेही कोणाच्या ध्यानात येत नाही. मुलांच्या अंगावरचे अक्षर कोणी लिहावे, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. आणि त्यावर सुचवायचा उपाय अगदी साधा आहे. वर्षातून एकदा तरी घरातील सर्वांनी एकत्र बसून आपापला टी-शर्ट आपल्या हाताने रंगवावा. विषय लहान वाटेल. परंतु घराचे वळण अशा लहान गोष्टींतूनच ठरत असते.

गंजीफ्रॉकचा प्रवास

टी-शर्ट हे मुळात आतून घालण्याचे वस्त्र. आपल्याकडे त्याच्या भावंडाला गंजीफ्रॉक म्हणत. अमेरिकेच्या नौदलाने १९१३ च्या सुमारास गणवेशाच्या आत घालण्यासाठी पांढरी, सुती, बिनगळ्याची बंडी स्वीकारली. उकाड्यात काम करणारे खलाशी वरचा सदरा काढून तेवढ्यावरच वावरू लागले. १९५१ च्या एका हॉलिवूडच्या चित्रपटात मार्लन ब्रँडो हा नट तसाच पडद्यावर दिसला आणि आतले वस्त्र बाहेर आले. पुढे त्यावर छपाई सुरू झाली. सपाट, बिनगुंड्यांचा, कोरा पुठ्ठा असावा तसा हा कपडा. लिहिण्यासाठी त्याहून सोयीची जागा कोणती? विकणाऱ्यांनी ती जागा ओळखली. घरांनी ओळखली नाही.

त्याचे कापड मागावर उभ्या-आडव्या धाग्यांनी विणलेले नसते. लोकरीच्या स्वेटरसारखे ते एकात एक गुंतलेल्या फाशांचे असते. म्हणून ते ताणले जाते आणि अंगाला सैल बसते. व्यापारात त्याला होजियरी म्हणतात. तमिळनाडूतील तिरुपूर हे या कापडाचे भारतातील सर्वांत मोठे केंद्र आहे. एक सुती टी-शर्ट तयार होताना, कापसाच्या पिकापासून मोजले तर, सुमारे २,७०० लिटर पाणी लागते, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणजे कपाटाच्या तळाशी पडलेला, डाग पडल्यामुळे नकोसा झालेला एक टी-शर्ट हा एका माणसाच्या दोन-तीन वर्षांच्या पिण्याच्या पाण्याइतका ऐवज आहे. ज्या उपक्रमाविषयी आज बोलायचे आहे, त्याचा पहिला नियम यातून निघतो. यासाठी दुकानातून नवे पांढरे टी-शर्ट आणू नयेत. घरात आहेत तेच घ्यावेत.

कारागिरांच्या शेजारी

मुंबई हे कापडाने वाढविलेले शहर आहे. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी ताडदेवला पहिल्या कापड गिरणीची स्थापना केली. पुढील सव्वाशे वर्षे या शहराची पहाट गिरणीच्या भोंग्याने होत असे. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, आणि गिरणगाव पुन्हा पूर्वीसारखे झाले नाही. कापडाचे काम मात्र मुंबईतून संपले नाही. मोठ्या छपराखालचे काम लहान गाळ्यांत विखुरले. साकीनाका, खैरानी रोड, कुर्ला हा पट्टा अशाच गाळ्यांचा आहे. शिवणकाम, छपाई, फर्निचर, धातूकाम, खाद्यपदार्थ, एकेका गल्लीत अनेक उद्योग दाटीवाटीने नांदतात.

यातील विसंगती ध्यानात घेतली पाहिजे. येथील मुले कारागिरांच्या शेजारी वाढतात आणि तरीही वस्तू कशी बनते, हे त्यांना ठाऊक नसते. शाळेची बस गाळ्यांसमोरून जाते. आत जाळीच्या चौकटीवर रंग ओतून रबराच्या पट्टीने तो ओढणारा कारागीर असतो, एका रंगाला एक चौकट या हिशेबाने चार रंगांचे चित्र चार वेळा उमटवीत असतो. मुलाला मात्र टी-शर्ट मॉलमध्ये जन्माला येतो, असे वाटते. ज्याचे श्रम दिसत नाहीत, त्याच्याविषयी आस्थाही उत्पन्न होत नाही. १८ डिसेंबर २०१७ च्या पहाटे खैरानी रोडवरील फरसाणाच्या एका गाळ्याला आग लागली आणि तेथे झोपलेले १२ कामगार मृत्युमुखी पडले. ते कोठून आले होते, कसे राहत होते, कशा जागेत काम करीत होते, हे प्रश्न त्यानंतर चार दिवस विचारले गेले. आगीच्या आधी ते विचारण्याइतकी ओळख शेजाराला असती तर?

घरी टी-शर्ट रंगविल्याने ही दरी एकाएकी भरून निघेल, असा दावा कोणी करणार नाही. परंतु ज्या मुलाने स्वतः एक सरळ रेषा कापडावर उमटविण्याचा प्रयत्न केला आहे आणि ती पसरलेली पाहिली आहे, त्याला शंभर सरळ रेषा उमटविणाऱ्याचे मोल कळू लागते. श्रमप्रतिष्ठा हा शब्द निबंधात लिहून घेता येतो. तिची जाणीव मात्र बोटांना व्हावी लागते.

हाताचे शिक्षण

घरातील वस्त्र घरात सजविणे ही मराठी कुटुंबाला नवी गोष्ट नाही. जुन्या मऊ लुगड्यांची गोधडी, तान्ह्या बाळासाठी शिवलेले झबले आणि कुंची, उशीच्या अभ्र्यावरचा कशिदा, ही कामे घराघरांत होत असत. संक्रांतीला काळ्या झबल्यावर हलव्याचे दागिने घालून बाळाचे बोरनहाण होते, ती हौस आजही टिकून आहे. हलव्याचा एकेक दाणा दोऱ्यात गुंफून मुकुट, हार आणि बाजूबंद करणारे हात आजही या परिसरात आहेत. एक गोष्ट मात्र प्रांजळपणे मान्य केली पाहिजे. या कामाचा भार पूर्वी एकट्या स्त्रियांवर असे आणि त्या श्रमांची नोंद कोणी घेत नसे. त्या काळाचे नुसते गोडवे गाण्यात अर्थ नाही. आज हा उपक्रम घरात आणायचा, तर त्यात वडील आणि मुलगे यांचा हात आई आणि मुलीइतकाच असला पाहिजे. रंग लावण्यात आणि नंतर फरशी पुसण्यातही.

हाताच्या कामातून बुद्धीला वळण लागते, हा विचार महाराष्ट्राच्या भूमीवर फार पूर्वी मांडला गेला. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाच्या द्वारे शिक्षणाची कल्पना मांडली, पुढे डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तिचा आराखडा केला. बालशिक्षणात आयुष्य वेचणाऱ्या ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि नंतर कोसबाडला अनुताई वाघ यांच्या साथीने वनवासी मुलांसाठी काम उभे केले. तेथे महागडी परदेशी साधने परवडणारी नव्हती. पाने, शिंपले, बिया, माती यांतून त्यांनी शिक्षणाची साधने घडविली. साधन जवळचे असले की मूल त्याला घाबरत नाही, हा त्या कामाचा मोठा धडा आहे. आपल्या शाळांच्या वेळापत्रकात कार्यानुभव हा विषय आला, त्यामागेही हाच विचार होता. कार्यानुभवाची वस्तू आदल्या रात्री आईने करून द्यायची आणि मुलाने ती शाळेत नेऊन गुण मिळवायचे, ही रीत पडली, तेव्हा विषय उरला आणि अनुभव गेला.

शनिवार-रविवारची योजना

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. चांदिवलीच्या दोन खोल्यांच्या घरात राहणारे पाच जणांचे कुटुंब डोळ्यांसमोर आणावे: आई, वडील, आजी, सातवीतली मुलगी आणि तिसरीतला मुलगा. या उपक्रमासाठी पावसाळा टाळावा. मुंबईच्या दमट हवेत रंग वाळत नाही, आणि न वाळलेला रंग घडीत दुसरीकडे उमटतो. दिवाळीनंतरचे दिवस सर्वांत चांगले.

शनिवारी टी-शर्ट धुऊन घ्यावेत, वापरात नसलेले असले तरी. कपड्यात खळ किंवा सुवासिक मऊपणाचे द्रावण राहिले, तर रंग धाग्यापर्यंत पोहोचत नाही आणि चार धुण्यांत निघून जातो. कापड शक्यतो पूर्ण सुती असावे. वाळल्यावर इस्त्री करून पोटात जाड पुठ्ठा सरकवावा, म्हणजे पुढचा रंग पाठीला लागत नाही आणि कापड ताठ राहते. फार ताणून मात्र बसवू नये. होजियरीचे कापड सुटल्यावर आक्रसते आणि चित्र वेडेवाकडे होते.

रंग कापडासाठीचेच असावेत. त्यात रंगद्रव्याबरोबर ते धाग्याला धरून ठेवणारा अ‍ॅक्रिलिक पदार्थ असतो. पंधरा मिलिलिटरच्या चार-पाच बाटल्यांत एका कुटुंबाचे काम सहज भागते. हे रंग घराघरांत पोहोचविणाऱ्या पिडिलाइट कंपनीचे मुख्य कार्यालय येथून जवळच, अंधेरी पूर्वेला आहे. तिचे संस्थापक बळवंत पारेख यांनी उमेदीच्या वर्षांत रंगाई-छपाईच्या कारखान्यात नोकरी केली होती, ही गोष्ट मुलांना अवश्य सांगावी. हाताला रंग लागल्याने कोणी लहान होत नाही.

तिसरीतल्या मुलासाठी ठसे उत्तम. भेंडी आडवी कापली की पाच पाकळ्यांचे फूल मिळते. बटाटा अर्धा कापून त्यावर आकार कोरता येतो. कापलेली बाजू कापडाने टिपून कोरडी करावी, नाहीतर त्याच्या पाण्याने रंग पातळ होतो. येथे एक गंमत घडते. मुलगा आपल्या नावाचे अक्षर कोरतो, मोठ्या उत्साहाने उमटवितो आणि अक्षर उलटे येते. त्याला आधी सावध करू नये. उलटे अक्षर पाहून तो विचारात पडेल, आरसा आणील, आणि मग त्याला छापखान्यातील खिळे उलटे का असत, हे आजी सांगेल. पुस्तकात दहा ओळींत न कळणारी गोष्ट एका बटाट्यात कळते.

सातवीतल्या मुलीसाठी कापलेला साचा घ्यावा. जुनी एक्स-रेची फिल्म यासाठी फार उपयोगी पडते. ती भिजत नाही आणि पुन:पुन्हा वापरता येते. मात्र ती कापताना मोठ्यांनी जवळ बसावे. देवनागरी अक्षरांचा साचा कापताना आणखी एक अडचण येते. ‘व’, ‘ब’, ‘क’ यांचे पोट बंद असते. कडेने कापले की मधला तुकडा गळून पडतो. म्हणून पोट आणि बाहेरची फिल्म यांना जोडणारी बारीक पट्टी ठेवावी लागते. ती कोठे ठेवली असता अक्षर वाचता येईल आणि देखणेही दिसेल, हे ठरविताना मुलगी आपल्या लिपीकडे पहिल्यांदाच रचना म्हणून पाहू लागते. शिरोरेषा हा किती मोठा आधार आहे, हे तिच्या लक्षात येते. रंग ब्रशाने न ओढता स्पंजाच्या तुकड्याने हलके टिपावा, म्हणजे साच्याखाली जात नाही. थर पातळ असावा. जाड थर कापड ताणले की तडकतो.

त्यानंतर वाट पाहायची. किमान एक दिवस कपड्याला हात लावायचा नाही. पूर्ण वाळल्यावर कपडा उलटा करून, वाफ न सोडता, गरम इस्त्री तीन ते पाच मिनिटे फिरवायची. उष्णतेने रंग पक्का बसतो. हे काम मोठ्यांनी करावे. नंतर तीन दिवस तरी तो धुऊ नये आणि पुढेही गार पाण्यात, उलटा करूनच धुवावा. ज्या पिढीला सर्व काही बोटाच्या एका स्पर्शाने मिळते, तिला एक दिवस थांबायला लावणारी वस्तू घरात असणे, हेही शिक्षणच आहे.

हळद, हिरडा आणि पाणी

थोडे पुढे जायचे असेल, तर स्वयंपाकघरातील रंग आहेत. डाळिंबाची साल उकळून मिळणारा पिवळा रंग तुरटीच्या पाण्यात भिजवलेल्या सुती कापडावर बऱ्यापैकी टिकतो. हिरड्याच्या पाण्यात कापड आधी भिजविण्याची रीत आपल्या रंगाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. त्यातील तुरट द्रव्य रंगाला धाग्याशी बांधते. हळद मात्र लहरी. ती कापड झटकन पिवळेधमक करते आणि उन्हात तितक्याच झटकन उडते. हळदीच्या कपड्याला साबण लागला की तो लालसर होतो, कारण साबण अल्कधर्मी असतो. हळदीला चुन्याची जोड देऊन कुंकू केले जाते, त्यामागेही हेच रसायन आहे. आजीला कृती ठाऊक असते आणि नातीला रसायनशास्त्राचे पुस्तक ठाऊक असते. एका पिवळ्या टी-शर्टवर त्या दोघींची गाठ पडते.

रंगाचे पाणी कोठे जाते, हा प्रश्न मुलांनी विचारला तर तो टाळू नये. तिरुपूरच्या रंगाई कारखान्यांच्या सांडपाण्याने नोय्यल नदी इतकी दूषित झाली की, जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तेथील शेकडो रंगाई कारखाने बंद करण्याचा आदेश दिला. आपल्या जवळून वाहणारी मिठी नदी विहार आणि पवई तलावांच्या पाण्यातून उगम पावते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा तिच्या काठी काय घडले, हे येथील वडीलधाऱ्यांना सांगण्याची गरज नाही. घरातल्या चार बाटल्यांनी नदी मरत नाही. पण ब्रश आधी कागदाला पुसावा, उरलेला रंग झाकून ठेवावा आणि मोरीत ओतू नये, ही सवय लागलेले मूल उद्या कारखान्याचा मालक झाले, तर नदीचा विचार करील, अशी आशा ठेवता येते.

काय रंगवावे?

येथे पालकांची खरी परीक्षा आहे. मोबाइलवरचे तयार चित्र उतरवून घेतले, तर पाटी बदलली, मालक तोच राहिला. चित्र मुलाच्या पाहण्यातून यावे. आजीच्या अंगणातली ठिपक्यांची रांगोळी टी-शर्टवर फार शोभते; ठिपके समान अंतरावर मांडणे हे भूमितीचे काम आहे. घरासमोरून जाणारी मेट्रो, पवईच्या तलावावरचा बगळा, बाबांचा जेवणाचा डबा, काहीही चालेल. आजीच्या हाताने लिहिलेला एखादा शब्द मोठा करून साच्यावर घ्यावा. ज्या घरात आजीच्या हस्ताक्षराचा एक कागदही जपलेला नाही, तेथे तो टी-शर्टच ठेवा होईल.

वारली चित्रांचा मोह अनेकांना होतो आणि तो स्वाभाविक आहे. ठाणे-पालघरच्या या कलेला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. परंतु त्रिकोणांची माणसे काढण्यापूर्वी ती कोणाची आहेत, हे मुलांना सांगावे. गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहिणाऱ्या सवासिनी ही या कलेची मूळ परंपरा आहे. जिव्या सोमा मशे यांनी ती भिंतीवरून कागदावर आणि जगभर नेली; २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. हे माहीत असलेले मूल चित्र काढते, तेव्हा त्याला आदराची जोड असते. नाव न घेता उचललेले चित्र हीदेखील एक प्रकारची उसनवारीच.

आक्षेप आणि उत्तरे

काही आक्षेप रास्त आहेत. बाजारात टी-शर्ट स्वस्त मिळतो. रंगांच्या बाटल्यांचा खर्च आणि दोन सुट्ट्यांचा वेळ धरला, तर घरचा महाग पडतो. हे खरे आहे. बचतीसाठी हे करू नये. याचा गृहोद्योग होईल, चार पैसे मिळतील, या हिशेबानेही करू नये. ज्या क्षणी विक्रीचा विचार येतो, त्या क्षणी आईच्या नजरेत मुलाची वाकडी रेषा खुपू लागते.

दुसरा आक्षेप पसाऱ्याचा. दोन खोल्यांत जमिनीवर वर्तमानपत्रे पसरली की चालायला जागा उरत नाही. तीही गोष्ट खरी. पण याच दोन खोल्यांत रात्री चार माणसे चार पडद्यांकडे पाहत बसतात, तेव्हा जागा असते आणि सहवास नसतो. साकीनाक्याहून नोकरीला जाणाऱ्या आई-वडिलांचा दिवस प्रवासात जातो. मुलाशी होणारे बोलणे ‘अभ्यास झाला का’ आणि ‘जेवलास का’ या दोन प्रश्नांवर येऊन थांबते. हात कामात गुंतले आणि डोळे कापडावर असले की, मुले न विचारता बोलू लागतात. शाळेत कोणी चिडविले, कोणता मित्र दुरावला, कशाची भीती वाटते, हे समोर बसवून विचारले तर कळत नाही. शेजारी बसून रंग कालविताना कळते.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड आहे आणि तो मुलांकडूनच येईल. तिसरीतला मुलगा आपला टी-शर्ट दुसऱ्याच दिवशी घालून इमारतभर मिरवील. सातवीतली मुलगी मात्र तो घडी करून ठेवील. ‘मैत्रिणी हसतील,’ असे ती म्हणेल. तिला रागावू नये, संस्कारांवर व्याख्यानही देऊ नये. तिचे भय खरे आहे. ज्या वयात चारचौघांसारखे दिसणे हीच सुरक्षितता वाटते, त्या वयात स्वतःच्या हाताचे, थोडे वाकडे अक्षर छातीवर घेऊन बाहेर पडायला धैर्य लागते. ते धैर्य आज्ञा देऊन येत नाही. वडिलांनी आपण रंगविलेला टी-शर्ट रविवारी सकाळी दूध आणायला जाताना घालावा. कोणी हसले तर त्यांनीही हसावे आणि पुढल्या रविवारी पुन्हा घालावा. मुलगी हे पाहत असते. पुढे कधीतरी कोणी तिला चुकीच्या गोष्टीसाठी ‘सगळेच करतात’ असे म्हणेल, तेव्हा वेगळे उभे राहण्याचा हा लहानसा सराव तिच्या उपयोगी पडेल.

म्हणून पालकांनी दोन पथ्ये कसोशीने पाळावीत. मुलाची रेषा आपण सुधारू नये. डाग पडला तर त्याचे पान करायचे की ढग करायचे, हे त्याने ठरवावे. आणि दोन भावंडांच्या, दोन घरांच्या कामांची स्पर्धा लावू नये. बक्षीस आले की एकच टी-शर्ट चांगला ठरतो आणि बाकीचे वाईट ठरतात. येथे तर प्रत्येकाने आपले अक्षर आपल्या अंगावर घ्यायचे आहे.

उपक्रम झाल्यावर आणखी एक पाऊल टाकावे. ओळखीच्या छपाई गाळ्याच्या मालकाची आधी परवानगी घेऊन, कामाचा खोळंबा होणार नाही अशा वेळी मुलांना तेथे न्यावे. जाळी कशी धुतात, रंग कसा मोजतात, दिवसाला किती कपडे हातावेगळे होतात, हे मुलांनी कारागिरालाच विचारावे. त्याला दादा किंवा काका म्हणावे आणि त्याचे गावही विचारावे. येताना चहाचा निरोप त्याला द्यावा. पुढच्या खेपेला बस त्या गल्लीतून जाईल, तेव्हा खिडकीतून पाहणाऱ्या मुलाला तेथे गाळा दिसणार नाही, ओळखीचा माणूस दिसेल.

या आठवड्यात कपाटाच्या तळाशी पडलेले टी-शर्ट बाहेर काढावेत. डागाळलेले, आखूड झालेले, कोणाची तरी जाहिरात मिरवून थकलेले. ते धुवावेत, उलटे करावेत. आतली बाजू बहुधा कोरीच असते.